आठ वर्षांचा मुलगा, ओली गादी आणि न्यू जर्सीची तिकिटं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा ८ वर्षांचा, वजन २६ किलो. दिवसा अगदी कोरडा, पण आठवड्यातून चार-पाच रात्री अंथरुणात शू होते. तान्हेपणापासून हे असंच आहे, मध्ये कधी बंद झालं नव्हतं. मे महिन्यात तीन आठवडे न्यू जर्सीला दिरांकडे जायचंय, दुबईमार्गे. निघायला सात आठवडे आहेत. तिथे घरभर कार्पेट, नवीन गाद्या आणि झोपायचं त्याच्याच वयाच्या चुलत भावाच्या खोलीत. तुम्ही विचारलंत, "प्रवासापुरती एखादी गोळी मिळेल का?" आणि शेवटच्या ओळीत, थोडं संकोचूनच, "जाऊबाईंना सांगावं की नको?"

मी पुण्यात २४ वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय. मार्च-एप्रिल आला की हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा आई एकटीच येते आणि निघता निघता दाराशी उभी राहून विचारते. गोळीबद्दल पुढे सविस्तर लिहितेच. पण तुमचा अवघड प्रश्न दुसरा आहे, आणि तुम्ही तो शेवटी टाकलात.

का म्हणते ते सांगते. काही वर्षांपूर्वी दहा वर्षांची एक मुलगी लंडनहून परत आल्यावर माझ्याकडे आली होती. तक्रार होती, "तिथे चिडचिड खूप केली, जेवली नाही, दिवसा बसमध्ये झोपायची." बोलता बोलता कळलं की मामाकडे पहिल्या तीन रात्री ती जागीच होती. झोपलो तर गादी ओली होईल म्हणून पाठ भिंतीला लावून बसून राहायची. आईने तिला निघताना एवढंच बजावलं होतं, "तिथे तरी नीट राहा हं." गादी तीन दिवस कोरडी राहिली हे खरं, पण चौथ्या रात्री ती इतकी गाढ झोपली की सकाळी गादी, पांघरूण, उशी सगळंच ओलं. चादर धुवायला दहा मिनिटं लागतात. त्या तीन रात्रींचं काय करायचं हे मला आजही सुचत नाही.

तेव्हा या प्रवासाचं उद्दिष्ट आधी ठरवू. तीन आठवड्यांत बरं करायचं नाही. ते काम घरचं आहे, परत आल्यावरचं. प्रवासात फक्त व्यवस्था लावायची. कमीत कमी ओल्या रात्री, आणि ज्या ओल्या होतील त्या गुपचूप निस्तरल्या गेल्या पाहिजेत.

आता हे होतं कशाने ते बघू. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. सातव्या वर्षी हा आकडा पाच ते दहावर येतो. त्यानंतर दरवर्षी त्यातल्या साधारण १५ टक्के मुलांचं काहीही न करता थांबतं. कारणं मुख्यतः तीन, आणि बहुतेक मुलांत त्यांची सरमिसळ असते. एक, रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढायला हवं, म्हणजे मूत्रपिंडं लघवी कमी तयार करतात; या मुलांत ते पुरेसं वाढत नाही. दोन, मूत्राशय रात्री लवकर भरतं किंवा लवकर आवळतं. तीन, भरल्याचा निरोप मेंदूला जातो पण मूल जागं होत नाही. यात आळस कुठेच नाही. "मुद्दाम करतो" असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, की तुम्ही झोपेत काय काय मुद्दाम करता?

आणि हे घराण्यातून येतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलात असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते, दोघांनाही असेल तर पाऊणशेच्या आसपास. मला स्वतःला नवव्या वर्षापर्यंत होतं. मेच्या सुट्टीत आजोळी गेलं की सकाळी माझी गोधडी अंगणातल्या वळणीवर यायची, आणि एकटी तीच वाळत घातलेली असल्यामुळे शेजारच्या वाडीलाही कळायचं. आजी रागावायची नाही. ती काळ्या तिळाचा गुळातला लाडू द्यायची, हे त्यावरचं औषध म्हणून. औषध म्हणून त्याचा उपयोग काही झाला नाही, पण लाडू छान असायचा. तुम्हीही सासूबाईंना एकदा सहज विचारा, "यांना लहानपणी होतं का हो?" आणि त्याच दमात "भाऊजींना?" हेही विचारून ठेवा. या उत्तराचा पुढे उपयोग आहे.

आता गोळीकडे जाण्याआधी काही गोष्टींची खात्री हवी. तुम्ही लिहिलंय ते सगळं साध्या, जन्मापासूनच्या प्रकारात बसतं. पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं मूल सहा महिने वा जास्त कोरडं राहून पुन्हा ओलं करायला लागलं असेल, तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांकडे जा. त्यात तहान फार लागत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी जा आणि साखर तपासून घ्या. लहान मुलांचा मधुमेह कधी कधी पहिल्यांदा ओल्या गादीतूनच दिसतो. दिवसा थेंब थेंब गळणं, लघवीला जळजळ, चालण्यात फरक, कंबरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका, रात्री मोठ्याने घोरणं, यातलं काही असेल तरी गोष्ट वेगळी. तुमच्या मुलाचंही एकदा तपासणं आणि लघवीची साधी तपासणी व्हायला हवी. बाकी सोनोग्राफी वगैरे अशा मुलाला मी सहसा सांगत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आईला विचारते आणि प्रत्येक आई "नाही, नाही" म्हणते: बद्धकोष्ठ. मोठं आतडं शीने भरलेलं असलं की ते पुढच्या मूत्राशयावर दाबतं आणि त्याला पुरतं फुगू देत नाही. आठ वर्षांचा मुलगा संडासात एकटा जातो, त्यामुळे तो काय करून येतो हे घरात कुणालाच माहीत नसतं. एक आठवडा फ्लश करायच्या आधी बघा. बकरीच्या लेंड्यांसारखी असेल, किंवा दोन-तीन दिवसांतून एकदा पण मोठी आणि कडक होत असेल, तर आधी पोट साफ करायचं औषध. काही मुलांच्या निम्म्या ओल्या रात्री इथेच संपतात.

दुसरं एक घरगुती मोजमाप सांगते, कारण त्यावरून गोळी लागू पडेल की नाही याचा अंदाज येतो. शनिवार-रविवार मुलाला दिवसा प्रत्येक वेळी मोजपात्रात शू करायला सांगा आणि आकडा लिहा. सकाळची पहिली सोडून सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे त्याच्या मूत्राशयाची क्षमता. वयात एक मिळवून तीसने गुणलं की अपेक्षित क्षमता मिळते, तुमच्या मुलाची २७० मिली. मग तीन-चार रात्री डायपर-पँट घालून झोपवा. सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती तोला, कोरड्या पँटचं वजन वजा करा आणि उठल्याबरोबरची शू त्यात मिळवा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरायचं. बेरीज ३५० च्या वर जात असेल तर रात्री लघवीच जास्त बनतेय, आणि गोळी नेमकी त्यावरच काम करते. बेरीज कमी पण दिवसाचा मोठा आकडाही जेमतेम १५० असेल, तर मूत्राशय लहान आहे, तिथे गोळीचा भरवसा कमी. मुलांना हा प्रयोग भलताच आवडतो. एकाने तर आलेख काढून आणला होता.

ती गोळी म्हणजे डेस्मोप्रेसिन. व्हॅसोप्रेसिनचीच कृत्रिम आवृत्ती. झोपण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यायची. डोस इथे लिहिणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनी मुलाला बघून ठरवायचा. ढोबळ मानाने दहातल्या तिघांना ती पूर्ण लागू पडते, चौघांना बऱ्यापैकी, आणि तिघांना नाही. तुमचा मुलगा कोणत्या गटात आहे हे न्यू जर्सीत कळून उपयोग नाही. म्हणून सात आठवडे आहेत ते चांगलं आहे. येत्या दोन आठवड्यांत तपासणी आणि पोटाचा बंदोबस्त, त्यानंतर घरी दोन आठवडे गोळीची परीक्षा, लागलंच तर डोस बदलून आणखी दोन. निघायच्या आदल्या दिवशी "देऊन तर बघू" हे नको.

या गोळीचा एक नियम दगडावरची रेघ आहे. गोळीच्या एक तास आधीपासून नंतरचे आठ तास पाणी, दूध, सरबत काही नाही. अगदीच घसा कोरडा पडला तर घोटभर. गोळी शरीरातलं पाणी धरून ठेवते, वरून आणखी पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, उलटी, गुंगी, आणि पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणून ताप, उलट्या, जुलाब असतील त्या रात्री गोळी नाही. आयब्युप्रोफेनही त्यासोबत टाळायचं. दिवसभर पोहून पोटात पाणी गेलं असेल, त्या रात्रीही मी सोडायला सांगते. नाकातला फवारा मिळाला तरी या कामासाठी घेऊ नका. त्याच्याने सोडियम उतरण्याचे प्रकार जास्त झाले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये अंथरूण ओलं करण्यासाठीचा त्याचा वापर बंद केला.

कुणी तुम्हाला अलार्म सुचवेल. चड्डीला लावलेला सेन्सर ओला झाला की वाजतो तो. कायमचं बरं व्हायला तोच सर्वांत चांगला उपाय, तीनातल्या दोन मुलांना गुण येतो. पण त्याला दोन-तीन महिने सलग लागतात, आणि सुरुवातीला मुलाऐवजी सगळं घर उठतं. चुलत भावाच्या खोलीत रात्री दोन वाजता तो वाजणं म्हणजे दवंडी. त्याचं परत आल्यावर बघू. इमिप्रामिन हे जुनं औषध अजूनही कुठे कुठे लिहून मिळतं. चुकून जास्त गेलं तर हृदयाला धोका असतो, प्रवासाच्या बॅगेत ते नकोच.

आता ज्या भागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं तो सांगते: घड्याळ. मेमध्ये न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तुमचा मुलगा तिथे रात्री ९ ला झोपेल तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतील. तो सकाळी ७ ला उठेल तेव्हा इथे दुपारचे साडेचार. म्हणजे त्याची तिथली पूर्ण रात्र ही त्याच्या मूत्रपिंडांच्या हिशेबाने भरदिवस आहे, आणि दिवसा मूत्रपिंडं जोरात काम करतात. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, तेव्हा पहिला आठवडाभर तरी हा गोंधळ चालणार. घरी आठवड्याला चार रात्री ओल्या असतील तर तिथे पहिल्या आठवड्यात सातही होऊ शकतात. हे आधी माहीत असलं की "इथे येऊन आणखीच बिघडलं" असं कुणी म्हणणार नाही, आणि मुलालाही निघण्याआधीच सांगता येतं, की पहिले सात दिवस मोजायचेच नाहीत, तुझी किडनी अजून पुण्यात आहे.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच रात्रीपासून गोळी चांगली. तिथे एक अडचण आहे. जेट लॅग झालेली मुलं पहिल्या दोन-तीन रात्री दीड-दोन वाजता टक्क जागी होतात. पुण्यातले ते साडेअकरा, म्हणजे जेवायची वेळ. भूक लागते, तहान लागते, काका कौतुकाने दूध आणि सीरिअल देतो. आणि गोळी तर आठ-साडेआठला दिलेली. म्हणून मी पहिल्या दोन रात्री गोळी द्यायला सांगत नाही. पँट घाला, मध्यरात्री उठला तर खाऊ द्या, पिऊ द्या. तो सलग सहा-सात तास झोपायला लागला की त्या रात्रीपासून गोळी सुरू. विमानातही गोळी नाही. रात्र कोणती आणि दिवस कोणता हेच ठरत नाही, आणि ट्रॉली आली की ज्यूस हातात येतोच.

विमानातल्या व्यवस्थेबद्दल थोडं. मुंबई ते दुबई तीनेक तास, दुबई ते न्यूयॉर्क चौदाच्या आसपास. पँट मुंबईच्या विमानतळावर घालू नका, दुबईत घाला, लांबच्या विमानात चढण्याआधी. त्यावर गडद रंगाची सैल ट्रॅकपँट. सीटवर अंडरपॅड पसरा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी मेडिकलच्या दुकानात साठ बाय नव्वद सेंटिमीटरचे मिळतात ते. दुमडून विमानाचंच ब्लँकेट त्यावर घाला, कुणाला दिसत नाही. जागा पॅसेजच्या कडेची मागा. जेवण यायच्या आधी एकदा, दिवे मालवताना एकदा, आणि उतरण्याच्या तासभर आधी एकदा टॉयलेटला न्या, कारण सीटबेल्टचा दिवा लागला की उठता येत नाही. पाणी बंद करू नका, केबिनची हवा कोरडी असते. कोला आणि चहा मात्र नको, कॅफीनने लघवी वाढते. हातातल्या बॅगेत मुलाचे कपड्यांचे दोन संच, आणि तुमचाही एक. तो तुमच्या मांडीवर डोकं आणि पाय टाकून झोपणार, हे बहुतेक आया विसरतात. क्रूला हळूच सांगायला हरकत नाही, त्यांना यात नवीन काही नसतं. औषध मूळ पाकिटात, हातातल्याच बॅगेत, सोबत पासपोर्टवरच्या नावाने आणि औषधाच्या मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी.

इथून डायपर-पँटचे गठ्ठे नेऊ नका. आपल्याकडे लहान मुलांच्या पँटची मापं साधारण २५ किलोपर्यंत येतात, म्हणजे तुमच्या मुलाला मांडीत काचणार. मोठ्यांची सर्वांत लहान पँट सैल होते आणि बाजूने गळते. अमेरिकेत ‘गुडनाइट्स’ या नावाने मोठ्या मुलांच्या रात्रीच्या पँट मिळतात, मुलगा-मुलगी वेगळ्या. वॉलमार्ट, टार्गेटमध्ये असतात, दिसायला चड्डीसारख्या. इथून फक्त विमानातल्या दोन आणि पहिल्या तीन रात्रींच्या न्या, शक्यतो घरी एकदा घालून बघितलेल्या.

आता गादी. दोन ड्राय शीट न्या, इथे तान्ह्या बाळांसाठी मिळतात त्याच, पण मोठ्या मापाच्या. गादीवर आधी ड्राय शीट, त्यावर चादर, त्यावर दुसरी ड्राय शीट, त्यावर दुसरी चादर. ही युक्ती मी एका रात्रपाळीच्या नर्सकडून शिकले. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं अंथरूण तयार. मोठा दिवा लावावा लागत नाही, चादर शोधावी लागत नाही, खोलीतला दुसरा मुलगा उठत नाही. ओली जोडी झिप लावायच्या मोठ्या पिशवीत. घरी वॉशर-ड्रायर असतो, तासा-दीड तासात विषय संपतो. चुकून गादीपर्यंत गेलंच तर चोळू नका. टॉवेल दाबून जेवढं शोषलं जाईल तेवढं शोषून घ्या, गार पाण्याने टिपा, मग खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवा आणि वाळल्यावर व्हॅक्युम फिरवा. गरम पाणी नको, वास धरून राहतो.

दिवसाचं पाणी हा प्रवासातला खरा घोटाळा आहे. घरी मूल शाळेच्या बाटलीतून पितं. फिरायला गेल्यावर दिवसभर आई म्हणते, "आता नको पिऊस, टॉयलेट सापडायचं नाही." मूल पाच वाजेपर्यंत तहानलेलं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर एका बैठकीत अर्धा लिटर पितं. ते सगळं रात्री गादीत उतरतं. दिवसाच्या पाण्याचे दहा भाग करा. चार दुपारच्या जेवणापर्यंत, चार संध्याकाळपर्यंत, उरलेले दोन नंतर. आणि दर दोन-तीन तासांनी, लागली असो वा नसो, टॉयलेट. अमेरिकेत हे सोपं आहे, मॉलमध्ये, मोठ्या दुकानांत फुकट असतं.

आणि बद्धकोष्ठ तिथे पुन्हा डोकं वर काढतं, त्याचं एक अस्सल आपलं कारण आहे: जेट स्प्रे नसतो. कागदाने पुसायची सवय नाही म्हणून आपली मुलं दोन-दोन दिवस शी रोखून धरतात, कुणाला बोलत नाहीत. त्यात पिझ्झा, चीज, ब्रेड. तिसऱ्या दिवशी आतडं गच्च, आणि चौथ्या रात्री जास्त ओलं. आई म्हणते थंडीमुळे असेल. पिळायच्या टोपणाची एक साधी प्लॅस्टिकची बाटली बाथरूममध्ये ठेवून द्या, त्याला दाखवा कशी वापरायची, आणि नाश्त्यानंतर दहा मिनिटं रोज बसवा. दिरांकडे पाण्याचा मग, म्हणजे टमरेल, असलं तर प्रश्नच मिटला. आपल्या लोकांच्या बाथरूममध्ये ते बहुधा असतंच.

ग्रुप टूरने युरोपला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे फरक साडेतीन-साडेचार तासांचाच, त्यामुळे घड्याळ फार छळत नाही. छळतं ते सहा-सात-आठ: सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. रोज नवं हॉटेल, ओले कपडे वाळवायला बाल्कनी नाही, बाथरूममध्ये बादली नाही. तिथे रात्रीच्या पँटला पर्याय नाही. ‘ड्रायनाइट्स’ नावाने त्या मिळतात, पण जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी घेऊन ठेवा. रस्त्यावरच्या टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी नाणी लागतात, मुलाच्या खिशात त्याची स्वतःची दोन असू द्या. आणि चादर ओली झालीच तर ती काढून गोळा करून वर चिठ्ठी आणि थोडी टिप ठेवा. पांघरुणाखाली लपवून निघून जाऊ नका, सफाई करणाऱ्या बाईचा हात त्यात पडतो.

आता जाऊबाई. सांगा. आणि तिथे पोचल्यावर स्वयंपाकघरात कुजबुजत सांगू नका, निघण्याआधी फोनवर एका वाक्यात सांगा: "याला अजून रात्री कधी कधी अंथरुणात होतं, आम्ही सगळं सामान आणतोय, फक्त पँटचं एक पाकीट मागवून ठेवशील का?" काम दिलं की माणूस कीव करायची विसरतो. त्यांना न सांगता तीन आठवडे काढणं म्हणजे पहाटे त्यांच्याच घरात त्यांचंच वॉशर चोरून लावणं, आणि ते एका दिवसात कळतं. सासूबाईंना विचारायला सांगितलं होतं ना? दिरांनाही होतं असं निघालं, आणि ते निघायची शक्यता बरीच आहे, तर ते वाक्य आणखी सोपं होतं. माझ्याकडच्या एका मुलाला त्याच्या काकाने विमानतळावरून घरी नेताना गाडीतच सांगितलं, "मी पाचवीपर्यंत करायचो रे, तुझ्या बाबाची गादी पण ओली करायचो." पोरगा तीन आठवडे काकाला चिकटून होता.

पण हा फोन करण्याआधी मुलाला विचारा. "काकूला सांगायला लागेल, चादरींसाठी. अजून कुणाला सांगायचं?" बहुतेक मुलं मोठ्यांना सांगू देतात, चुलत भावाला नाही. मग चुलत भावाला नाही, आणि ते काकूलाही बजावून सांगायचं. एकाच खोलीत झोपण्याचा हट्ट असेल तर पँट बाथरूममध्ये बदलायची, उशीच्या अभ्र्यात दडवून न्यायची, आणि सकाळी टाकायला त्याच्याजवळ काळी पिशवी. स्लीपिंग बॅगमध्ये झोपत असतील तर उत्तमच, आत काय घातलंय ते कुणालाच दिसत नाही. तो म्हणाला, "मी तुमच्या खोलीतच झोपतो," तर तेही चालेल. त्याला भित्रा म्हणू नका, त्याने आपला बंदोबस्त स्वतः केलाय.

रात्री उठवून टॉयलेटला न्यावं का, हेही तुम्ही विचाराल. त्याने आजार बरा होत नाही, कारण उठता तुम्ही, तो नाही. पण परक्या घरात, प्रवासापुरतं, तुम्ही झोपायला जाताना अकराच्या सुमारास एकदा न्या. उठवा मात्र पूर्ण, नाव विचारा, उत्तर आलं की मग. खांद्यावर टाकून झोपेतच शू करवून आणणं म्हणजे झोपेत शू करायचा सरावच.

परत आल्यावर पुन्हा तेच, उलट दिशेने. इथे रात्रीचे नऊ म्हणजे त्याच्या शरीराचे सकाळचे साडेअकरा. पहिला आठवडा-दहा दिवस ओलं जास्त होईल, गोळीचे नियमही तेच, आणि ते दिवस हिशेबात धरायचे नाहीत. जूनच्या मध्याला शाळा सुरू होईल, झोपेच्या वेळा जागेवर येतील. तोवर गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. जूनअखेरीस मोजपात्र आणि वजनकाटा पुन्हा बाहेर काढून ते तीन-चार दिवसांचे आकडे लिहून न्या. अलार्मचं तेव्हा ठरवता येईल. पावसाळ्यात चादरी वाळत नाहीत हा त्यातला एकच त्रास, म्हणून चार ड्राय शीट आधीच घेऊन ठेवा.